आठवा प्रश्न

चिखली, ११ जुलै २०२३

चि. भार्गवी,

आशीर्वाद शेवटी देते. आधी भांडण.

तुझी आत्या हरली. दुसऱ्यांदा. खालच्या कोर्टात हरले होते तेव्हा वकील म्हणाले, वरचं कोर्ट आहे ना. आता वरचंही झालं. ही बातमी तुझ्या बापाने बुलढाण्याहून फोनवर दिली, तीही अशा सुरात, जणू उद्या दूधवाला येणार नाही. वर म्हणतो, "मंजू, आता सोड ना तो बोळ." भाऊ नोटरी झाला की त्याचा कणा शिक्क्यासारखा रबरी होतो.

तू घर सोडून बारा गावचं पाणी प्यायलीस, म्हणून आठवण करून देते. आपल्या मागच्या दारातून जो बोळ निघतो आणि वामनराव ठेंगाच्या घराला घासून बाजाररस्त्याला मिळतो, तो. तू फ्रॉक घालून त्यातून धावत जायचीस आणि कुल्फी घेऊन यायचीस, निम्मी बोळात सांडून. त्या बोळावर वामनने सात वर्षांपूर्वी लोखंडी फाटक बसवलं आणि कुलपाची किल्ली कंबरेला लावली. म्हणतो, जागा माझी. मग फाटकावर पत्राही मारला.

मला बाजारात जायला हमरस्त्याने वळसा पडतो. पडू दे, माझे गुडघे शाबूत आहेत. प्रश्न सिंधूताईंचा आहे. वामनची आई. ऐंशी उलटली आहे. रोज दुपारी चहाच्या वेळी त्या बोळातून काठी टेकत माझ्या मागच्या दारी यायच्या. आता हमरस्त्यावरून ट्रॅक्टर आणि जीपगाड्यांमधून कशा येणार? सात वर्षं आम्ही दोघी पत्र्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून ओरडतो. त्या पलीकडून विचारतात, "काऊन वं मंजू, जित्ती हायेस का?" मी म्हणते, "निकालापर्यंत आहे."

आणि ऐक. माझ्या बाजूने साक्ष कोणी दिली? त्याच्या आईने! "बोळ कधीपासून आहे?" "मी लगन होऊन आली तवापासून. वामन्या त्याच्या बी मागून आला." सगळं कोर्ट हसलं. आणि निकालात काय लिहिलं, तर वादीला जागेची मालकी सिद्ध करता आली नाही. अगं, पण मालकी मागितली कोणी?

तू नागपूरला हायकोर्टात अपिलांचंच काम करतेस. तर कर. मी फोन करत नाही, तूही करू नकोस. जन्म पोस्टात काढला, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. शाईने लिहिलेलंच मला खरं वाटतं.

तुझी संतापलेली,
मंजुआत्या


नागपूर, १९ जुलै २०२३

ती. आत्यास,

नमस्कार. आशीर्वाद शेवटी देणार होतीस, दिलेच नाहीस. पत्र दोनदा उलटून पाहिलं.

तुझा निकाल मागवून वाचला. आता रागावू नकोस, पण माझं काम काय असतं ते आधी सांगते, कारण आपल्या घरात सगळ्यांना वाटतं की मी काळा कोट घालून साक्षीदारांना घाम फोडते. आत्या, मी आजवर एकही साक्षीदार जवळून पाहिलेला नाही. माझ्यापर्यंत माणसं येतच नाहीत, कागद येतात. दोन कोर्टांत जे घडलं ते शिवून, आकडे घालून माझ्या टेबलावर पडतं. आणि दुसऱ्या अपिलात तर कोण खरं, कोण खोटं, बोळ किती रुंद, कोण कधी चाललं, हे काहीच बोलायचं नसतं. वस्तुस्थितीचा दरवाजा तिथे बंद झालेला असतो. हायकोर्ट एवढंच विचारतं: यात कायद्याचा काही महत्त्वाचा प्रश्न आहे का? असेल तर आत या. नसेल तर दोन मिनिटांत बाहेर. म्हणजे खरोखर दोन मिनिटं. मी घड्याळ लावून पाहिलेलं आहे.

दुसरं. मार्चमध्ये मी माझ्या सीनिअर सरांचं चेंबर सोडलं. सहा वर्षं त्यांची अपिलं मी लिहिली आणि त्यांनी ती मांडली. आता माझ्या नावावर एका खोलीतलं अर्धं टेबल आहे, आणि अर्ध्यावर दुसऱ्या वकिलाची झेरॉक्स. बाबांनी अट घातली आहे: स्वतःच्या नावावर पहिलं अपील हायकोर्टाने ऐकायला घेतलं तर राहा, फेटाळलं तर बुलढाण्याला ये आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून खरेदीखतं लिही. त्या खुर्चीला त्यांनी उशीही शिवून ठेवली आहे. निळी. मला फोटो पाठवला.

आणि माझ्याकडे पहिलं अपील म्हणून काय आलंय? तुझा बोळ.

लढते. पण एक सांग, नुसतं फाटक पुरेसं असताना वामनकाकांनी वर पत्रा का मारला? निकालात त्याचं कारण कुठेच नाही.

तुझी,
भार्गवी


चिखली, २७ जुलै २०२३

भार्गवी,

वस्तुस्थितीचा दरवाजा बंद! मग उघडं काय आहे तिथे, खिडकी? दोन कोर्टांनी माझी सगळी हकीकत ऐकली आणि चुकीचा निकाल दिला, आणि तिसरं म्हणतं हकीकत नको. हे म्हणजे रुग्णाने दवाखान्यात जावं आणि डॉक्टरने म्हणावं, आजार सोडून बोला.

आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना होत्या. चिखलीहून मला बोर्डिंगला धाडलं तेव्हा मी दहा वर्षांची आणि महाउद्धट. परीक्षेत मला गंगा नदीवर विचारलं, मला गोदावरी पाठ होती, मी गोदावरी लिहिली, पाच पानं, नकाशासकट. सिस्टरनी शून्य दिलं. म्हणाल्या, "मंजुश्री, तुला येतं त्याचं उत्तर लिहू नकोस. विचारलंय त्याचं लिही." मी आठवडाभर रडले. पण ती गोष्ट अंगात मुरली. तुमच्या न्यायाधीशांना कोणी गोदावरीबद्दल शून्य दिलेलं दिसत नाही.

उशीबद्दल वाचून मला तुझ्या बापाची कीव आली. निळी उशी! त्या उशीवर तू बसलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. पत्रानेसुद्धा.

पत्रा का मारला, ते त्या वामनला विचार. त्याला सौंदर्यदृष्टी नाही. त्याचं घर पाहिलंस ना, पिस्ता रंगाचं. बाकी हा प्रश्न वस्तुस्थितीचा आहे आणि तुझ्याच म्हणण्याप्रमाणे तो दरवाजा बंद आहे.

सिंधूताई काल पत्र्यापलीकडून म्हणाल्या, "तुही भाची लहानपनी बोळात कुल्फी सांडे, तेच पोरगी का? मंग जितते. सांडून सांडून खाल्ली, पन खाल्ली."

मंजुआत्या


नागपूर, १४ ऑगस्ट २०२३

ती. आत्यास,

अपिलाचा मसुदा सोबत आहे. कायद्याचे सात प्रश्न काढले आहेत. गेले तीन आठवडे मी जेवताना, आंघोळ करताना, रिक्षात, सगळीकडे प्रश्न काढते आहे. रिक्षावाल्याने काल विचारलं, "मॅडम, तब्येत बरी आहे ना?" पुराव्याचं वजन, मुदत, कलमं, जुने निवाडे, सगळं आलं आहे. सात म्हणजे भरपूर. एखादा तरी लागेल.

पेन्सिलने जिथे फुली केली आहे तिथेच सही कर. आत्या, हात जोडते, बाकी कुठेही काहीही लिहू नकोस.

आशीर्वाद या वेळीही आले नाहीत. नोंद घेतली आहे.

भार्गवी


चिखली, २२ ऑगस्ट २०२३

भार्गवी,

सह्या केल्या आहेत, सगळ्या फुल्यांवर. कागद स्पीड पोस्टने पाठवते.

मी काही लिहिलेलं नाही. फक्त शेरे मारले आहेत. लाल शाईने, म्हणजे तुला पटकन दिसतील. पोस्टात तपासणीचे कागद माझ्या हाताखालून असेच जायचे आणि कधी कोणाची तक्रार आली नाही. आली असेल तर त्यावरही मी शेरा मारला असेल.

तुझे सातही प्रश्न मी वाचले. दुसरा वाचताना मला झोप लागली. पाचव्याला पोटप्रश्न, त्याच्या पोटात पोट, अशी चार पोटं आहेत. विद्वान आहेस, यात शंका नाही. पण गोदावरी, बाळ. नकाशासकट गोदावरी.

मंजुआत्या


नागपूर, १० जानेवारी २०२४

आत्या! आत्या! आत्या!

नमस्कार वगैरे तूच मनात म्हणून घे. बाबांना अजून सांगितलेलं नाही. आधी तुला. क्रमाने सांगते, नाहीतर मी नुसती उड्या मारेन.

काल आपलं अपील बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या यादीत, होतं. ऐकायला घ्यायचं की फेकून द्यायचं, एवढंच ठरायचं होतं. वामनकाकांनी आधीच अर्ज टाकून ठेवला होता, की त्यांचं ऐकल्याशिवाय कोर्टाने काही देऊ नये. त्यामुळे तेही हजर. पांढरी टोपी, कडक इस्त्री. आणि त्यांचा वकील कोण? माझे सर. सहा वर्षं ज्यांची बॅग मी उचलली, ते. माझ्याकडे पाहून फार प्रेमळ हसले. त्यांचं ते हसू मला माहीत आहे. समोरचा दोन मिनिटांत जाणार असेल तेव्हाच ते हसतात.

मी उभी राहिले. पहिला प्रश्न वाचला. न्यायमूर्ती बाई आहेत, चष्म्यावरून बघतात. म्हणाल्या, "ही वस्तुस्थिती झाली. पुढे." दुसरा. "पुढे." तिसरा, चौथा. "पुढे, पुढे." पाचव्याच्या दुसऱ्या पोटात शिरले तेव्हा त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. आत्या, मला कोर्टाच्या भिंतीवर निळी उशी दिसली. शपथ.

सातवा संपला. सर उठायच्या बेतात. मी फाईल मिटणार, तेवढ्यात न्यायमूर्ती म्हणाल्या, "थांबा. आठवा?"

मी म्हटलं, "सातच आहेत."

"माझ्या प्रतीत आठ आहेत. समासात, हाताने लिहिलेला. अक्षर फार सुंदर आहे."

आत्या, माझ्याकडे दोन गठ्ठे होते. एक स्वच्छ, एक तुझ्या शेऱ्यांचा. ऑगस्टमध्ये शेवटच्या दिवशी घाईघाईत मी स्वतः स्कॅन केला तो तुझा! काळ्या-पांढऱ्यात तुझी लाल शाई काळी झाली आणि मला कळलंच नाही. पाच महिने तुझे शेरे हायकोर्टाच्या रेकॉर्डवर बसले होते.

त्यांनी मोठ्याने वाचलं: "मी चालायला वाट मागितली होती. जमीन मागितलीच नव्हती. मग जमीन तुझी नाही म्हणून वाट नाही, हे उत्तर कोणत्या प्रश्नाचं?"

मग त्या मला म्हणाल्या, "वकीलबाई, हे कोणी लिहिलं?"

"माझ्या पक्षकाराने. चुकून."

"हे चुकून असेल, तर आधीचे सात काय मुद्दाम लिहिलेत?"

सगळा वकिलांचा बार हसला. मीही हसले, दुसरं करणार काय! पण तेवढ्यात डोक्यात दिवा लागला आणि मी बोलायला लागले. वाट वापरण्याचा हक्क आणि जमिनीची मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट वाटेचा हक्क मागायचा तो दुसऱ्याच्याच जमिनीवर! स्वतःच्या जमिनीवर कोण मागतं? दोन्ही कोर्टांनी मालकीचा मुद्दा काढून वाटेचा दावा फेटाळला. हे मी पाचव्या प्रश्नाच्या तिसऱ्या पोटात गाडून ठेवलं होतं, आणि वर माती लोटली होती. आता मात्र सरळ बोलले. तीन वाक्यं. चौथं सुचलं होतं, गिळलं.

सर उठले. म्हणाले, वाट वापरल्याचा पुरावाच नाही. न्यायमूर्तींनी पान उलटलं. "इथे आणखी एक शेरा आहे. वामन लहानपणी याच बोळातून येऊन आमचे पेरू चोरायचा, तेव्हा बोळ कोणाचा हे त्याने विचारलं नव्हतं."

आणि वामनकाका मागच्या बाकावरून ताडकन उठले. "एकच डाव चोरले, मॅडम! अन् ते बी कच्चे होते!"

सरांनी त्यांचा सदरा धरून खाली ओढलं. पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

अपील दाखल करून घेतलं, आत्या! ऐकलं जाणार! प्रश्न एकच लिहून घेतला, आठवा, जवळजवळ तुझ्याच शब्दांत. आणि अंतिम निकाल लागेपर्यंत दिवसभर फाटक उघडं ठेवायचा अंतरिम आदेश. मी बाहेर आले, बायकांच्या खोलीत गेले, दार लावलं आणि कोट घालून नाचले. बाहेरून कोणीतरी दार वाजवलं तेव्हा थांबले.

सर व्हरांड्यात भेटले. म्हणाले, "भार्गवी, तुझा पक्षकार माझ्याकडे ज्युनिअर म्हणून येईल का?"

तुझी,
भार्गवी (नागपूरचीच!)


चिखली, २१ जानेवारी २०२४

भार्गवी,

सिस्टर फिलोमिना असत्या तर मी त्यांना तार केली असती. तारखातं बंद झालंय, तरी केली असती.

तुझ्या बापाचा, लक्ष्मीकांतचा, फोन आला होता. निळी उशी आता तो स्वतःच्या पाठीला लावतो. म्हणतो, "पोरगी निघाली बरं का." जणू इतकी वर्षं ती अडकलेली होती.

आता आदेशाची अंमलबजावणी ऐक. वामन सकाळी आला. माझ्या दारात नाही, फाटकाच्या त्याच्या बाजूला. पत्र्यापलीकडून खाकरला. "मंजुताई, उघडून राह्यलो." मी म्हटलं, "कोर्टाने उघडलंय, तू फक्त किल्ली फिरव." कुलूप गंजलेलं. फिरेना. तेल घातलं, ठोकलं. शेवटी गोकुळ लोहाराला बोलावलं, तोच ज्याने फाटक बसवलं होतं. तो म्हणाला, "भाऊ, तवाच म्हनलं होतं, कडी लावा, कुलूप नोका लावू." कुलूप तुटलं, फाटक किरकिरलं, आणि समोर सिंधूताई.

नऊवारी नेसलेल्या. हातात काठी, केसात शेवंती, सकाळपासून तयार. मागे सून औषधाचा डबा घेऊन. सात वर्षांत त्या इतक्या लहान झाल्यात, भार्गवी, की मला आधी काठीच दिसली. मला वाटलं मी रडेन. पण त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "लय पांढरी झाली वं तू. अन् आवाजावरून वाटे, अजून तरनी हायेस."

मग काय, रडायचं राहूनच गेलं.

रोज येतात. बोळात अर्ध्यावर एक दगड आहे, त्यावर टेकतात, वामनला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने "हायकोर्ट!" म्हणतात आणि पुढे निघतात.

मंजुआत्या


चिखली, ५ मार्च २०२४

वकीलबाई भार्गवी यांना,

वामनराव ठेंग यांचा नमस्कार. मी बोलतो तसंच लिवतो, राग मानू नोका. तुम्ही आमच्या विरुद्ध आहा, म्हणून पत्र लिवाव का नाही ते माहीत नाही. पण तुम्ही आमच्या बोळात लहानाच्या मोठ्या झाल्या, म्हणून लिवतो.

तुमच्या सगळ्या कागदात एक गोष्ट कुठंच नाही. माह्या आईले साखर हाय. जुनी. डॉक्टरनं गोड बंद केलं. घरात आम्ही शिरा बंद केला, चहा फिका केला, माह्या पोराच्या वाढदिवसाले केकच्या ठिकाणी कलिंगड कापलं. पोरगं रडलं. तरी आईची साखर चढूनच राह्यली. मले समजेना. मंग एक दिवस बोळातून आली तं ओठाले पाक. तुमच्या आत्याचे गुलाबजाम! म्हणून फाटक लावलं. तं गजातून गुलाबजाम. म्हणून पत्रा मारला. आता सांगा, मी काय वाईट माणूस हाओ का? हे कोर्टात कसं सांगाव? लोकं म्हणतील, वामन्या आईच्या गुलाबजामासाठी भांडते. म्हणून वकिलानं मालकी लिवली.

आता फाटक उघडं हाय. माह्या छातीत रोज दुपारी धडधड होते.

आपला,
वामनराव


नागपूर, ११ मार्च २०२४

आत्या,

सोबत वामनकाकांच्या पत्राची नक्कल. विरुद्ध पक्षकाराला मी उत्तर देऊ शकत नाही, त्याच्या वकिलाला कळवलं आहे. सरांनी ते वाचलं आणि खुर्चीत मागे रेलून पाच मिनिटं हसत राहिले, मग म्हणाले, "हे आधी कळलं असतं तर मी केसच घेतली नसती."

मी मात्र हसत नाहीये. पत्रा का मारला, असं मी तुला सरळ विचारलं होतं. तू मला पिस्ता रंग सांगितलास! मी नागपूरला बसून वामनकाकांना कजाग जमीनदार समजत होते, आणि इथे तू मधुमेहाच्या म्हाताऱ्या बाईला गजांतून गुलाबजाम पुरवत होतीस. का सांगितलं नाहीस?

भार्गवी


चिखली, १८ मार्च २०२४

भार्गवी,

कारण तूच लिहिलंस: दुसऱ्या अपिलात वस्तुस्थिती सांगायची नसते. मी कायदा पाळणारी बाई आहे.

रागावलीस, समजलं. तर आता वस्तुस्थिती. एक गुलाबजाम, दोघींत अर्धा अर्धा, तोही आठवड्यातून एकदा. दिवसाला पाकाची परात नाही. पण वामनचं पत्र मी तीनदा वाचलं. कलिंगडाचा केक! त्यांच्या घरातलं हे काही मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, माणूस चढेल झालाय. तो बिचारा घाबरलेला होता. गुलाबजाम त्याच दिवशी बंद केले. आता फुटाणे.

सिंधूताई आल्या, फुटाण्यांकडे पाहिलं, म्हणाल्या, "वामन्या जितला वाट्टे." मी म्हटलं, "ताई, फुटाण्यांना याल ना?" तर त्यांनी पत्ते काढले कमरेतून. "मी का गुलाबजामाले येत होती?"

आणि तेव्हा मला कळलं ते तुला सांगते. घरात त्यांना सगळे जपतात. आई बसा, आई झोपा, आई हळू. पत्ते खेळायला घेतले तर नातवंडं मुद्दाम हरतात. आणि माझ्याकडे? त्या पत्ता लपवतात, मी हात धरते, मी "खोटारडे" म्हणते, त्या मला "चष्मेवाली चेटकीण" म्हणतात, आणि मग आम्ही चहा पितो. भार्गवी, तिच्याशी भांडणारी मी एकटी उरले आहे. ती त्यासाठी येते. सात वर्षं पत्र्यातून आम्ही भांडणच जिवंत ठेवलं.

हा कायद्याचा प्रश्न नाही, मला माहीत आहे. पण आहे महत्त्वाचा.

मंजुआत्या


नागपूर, २ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,

संपलं! ज्येष्ठ नागरिकांचं प्रकरण म्हणून न्यायमूर्तींनी लवकर घेतलं. तू आली नाहीस, कारण वामनकाका काकूंसह नागपूरला तुझ्याविरुद्ध लढायला आले आणि त्यांच्या आईकडे लक्ष ठेवायला घरी कोण, तर तू. हे मी सरांना सांगितलं, त्यांनी चष्मा पुसला.

मी उभी राहणार, तेवढ्यात वामनकाका उठले. "मॅडम, मले भांडायचं नाही. बोळ कायमचा खुला. फाटक भंगारात देतो. फक्त एक अट लिवा: मंजुताईनं माह्या आईले गोड देऊ नये."

न्यायमूर्ती म्हणाल्या, "गोड म्हणजे काय? केळं धरायचं का?" सर म्हणाले, गूळ धरावा. मी म्हटलं, तिळगुळापुरता अपवाद हवा. दहा मिनिटं हायकोर्टात संक्रांतीवर युक्तिवाद झाला. शेवटी त्यांनी हात वर केला. बोळाचं हुकूमनाम्यात लिहिलं, गोडाचं नाही. म्हणाल्या, "हे न्यायालय चिखलीच्या स्वयंपाकघरावर देखरेख ठेवू शकत नाही. ते तुम्ही आपसात पाळा."

माझं सांगते. टेबल आता पूर्ण माझं आहे. बारमध्ये मला 'आठवा प्रश्न' म्हणतात. ज्युनिअर मसुदा घेऊन आली की मी सात प्रश्न खोडते आणि विचारते, "आता सांग, तुझ्या पक्षकाराने मागितलं काय होतं?" आणि जाताना वामनकाका थांबले. "कालव्यात गेलेल्या माह्या वावराचं अपील हाय. आता आपलं भांडन मिटलं, तं घेता का?" घेतलं. सर म्हणाले, माझे पक्षकार पळवतेस. मी म्हटलं, कच्चे होते, एकच डाव.

पक्षकार म्हणून तुझं यापुढचं पत्र शेवटचं असणार. आशीर्वादांचं काय झालं?

भार्गवी


चिखली, ९ सप्टेंबर २०२५

भार्गवी,

तुझं पत्र सिंधूताईंना मोठ्याने वाचून दाखवलं. बोळ कायमचा खुला, इथे टाळ्या वाजवल्या. फाटक भंगारात, इथे म्हणाल्या, "गोकुळ्यालेच दे, त्यानंच केलं." मग गोडाच्या अटीपाशी आले. ताईंनी हातातले पत्ते खाली ठेवले.

"थांब वं. हे कोनं ठरवलं?"

"वामनने सांगितलं, मी मान्य केलं."

"अन् कोर्टानं?"

"कोर्ट म्हणालं, आपसात पाळा."

"आपसात म्हंजे तुमच्या दोघांच्यात. तोंड माहं, साखर माही, बोळातून चालते मी. मले कोनी इचारलं?"

भार्गवी, मी तुझं पत्र बाजूला ठेवलं. नऊ वर्षं, तीन कोर्टं, त्यांतले सगळे वकील, माझी इतकी लाल शाई, आणि हा प्रश्न एकालाही सुचला नाही. मलासुद्धा. गोदावरी, बाळ. मीही गोदावरीच लिहीत होते.

तेव्हा त्यांचं म्हणणं तुला कळवायची जबाबदारी माझ्यावर आली आहे. त्यांना अपील करायचं आहे. वामनवर आणि माझ्यावर. मी विरुद्ध पक्ष नंबर दोन असेन, हे कळल्यावर इतक्या हसल्या की सून औषधाचा डबा घेऊन धावत आली. मी समजावलं, की भार्गवी ही केस घेऊ शकत नाही, ती माझी वकील होती. म्हणाल्या, "मंग तिच्या सराले दे." मागणी काय, तर दिवाळीला अर्धा गुलाबजाम. मी म्हटलं, पाव. आता त्यावर रोज दुपारी सुनावणी चालते. वामनही येऊन बसतो, मागच्या दाराने, त्याच बोळातून. काल जाताना माझ्या पेरूच्या झाडाकडे पाहून म्हणाला, "मंजुताई, एक तोडू का?" विचारून तोडला. आयुष्यात पहिल्यांदा.

सुनावणी लवकर संपेल असं वाटत नाही. आम्हा दोघींनाही घाई नाही.

आशीर्वाद. पहिल्या पत्रापासूनचे सगळे राहिले होते, तेही यातच धर.

मंजुआत्या